तंबाखूच्या बारापासून ‘बटन’ गोळीपर्यंत : शिरूर कासार तालुक्यात व्यसन कसं जडतं, कसं ओळखायचं आणि कसं सुटतं

शिरूर कासार : दसरा झाला की तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. भांडीकुंडी, कोयते, पालाचं सामान आणि लहान लेकरं घेऊन कोयत्याच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. त्या गाठोड्यात एक वस्तू सहसा चुकत नाही, ती म्हणजे तंबाखूची पुडी. पहाटे अंधारात फडात उतरायचं, भाकरीला उशीर असतो, मग भूक मारायला आणि झोप उडवायला बार भरायचा. संध्याकाळी गाडी भरून झाली की अंग दुखतं म्हणून एक गोळी, नाहीतर थोडी दारू. पाच महिन्यांनी माणूस गावी परततो, तेव्हा उचलीचा हिशोब फिटलेला असो की नसो, सवय मात्र पक्की झालेली असते.

नशा, ड्रग्ज म्हटलं की मुंबई-पुण्याच्या बातम्या डोळ्यासमोर येतात. पण आपल्याकडं व्यसन येतं ते टपरीवरून, हातभट्टीवरून, बांधाच्या आडून आणि कधी कधी औषधाच्या दुकानातून. या लेखात व्यसन म्हणजे काय, इथं कशाची नशा केली जाते, धोका कुठं आहे, कायदा काय म्हणतो आणि उपचार कुठं मिळतात याची माहिती एकत्र दिली आहे. यातली एक गोष्ट तरी प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी : वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसानं दारू एकाएकी बंद केली, तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. सोडायची जरूर, पण डॉक्टरला विचारून.

व्यसन म्हणजे काय?

व्यसन हा मेंदूचा आजार आहे. नशेचा पदार्थ पोटात, फुफ्फुसात किंवा रक्तात गेला की मेंदूत बरं वाटण्याची जी यंत्रणा आहे ती जोरात चालू होते. रोज तेच केलं की मेंदू त्या पदार्थावर विसंबायला लागतो. मग दोन गोष्टी घडतात. पहिली, आधी एका पुडीत किंवा एका ग्लासात जे व्हायचं त्याला आता दोन-तीन लागतात. दुसरी, पदार्थ मिळाला नाही की त्रास सुरू होतो. हात थरथरतात, चिडचिड होते, झोप उडते, घाम फुटतो. याला तलफ म्हणून सोडून दिलं जातं, पण शरीर त्या पदार्थावर अवलंबून झाल्याची ती खूण आहे.

म्हणूनच ‘मनात आणलं तर आजच्या आज सोडीन’ असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो असं नाही. त्याला खरंच तसं वाटतं. पण मनाचा निश्चय आणि शरीराची गरज यांची ओढाताण होते आणि बहुतेक वेळा शरीर जिंकतं. शिव्या, मारहाण, शपथा आणि चारचौघांत अपमान यांनी हा आजार बरा होत नाही.

पसारा किती मोठा?

दिल्लीच्या एम्स रुग्णालयानं केंद्र सरकारसाठी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाख लोकांना मदतीची गरज आहे. गांजा-भांग घेणारे ३ कोटींच्या घरात होते. सगळ्यात विचार करायला लावणारा आकडा उपचाराचा आहे. दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसले तरी उपचार मिळाले होते. बाकीचे ३७ जण आणि त्यांची घरं आपापल्या परीनं ते सोसत होती.

तंबाखूचं चित्र त्याहून जवळचं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते, म्हणजे चारातला एक. त्यात ओढणारे ३.८ टक्केच होते, बाकी जवळपास सगळी खायची, चघळायची किंवा दाताला लावायची तंबाखू. बायांची मिश्री यातच आली. ‘ती कुठं तंबाखू खाते, नुसती मिश्री लावते’ असं घरोघर म्हटलं जातं, पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदर बाईनं ती लावली तर पोटातल्या बाळाचं वजन कमी राहू शकतं.

आपल्याकडं कशाकशाची नशा?

तंबाखू, गुटखा, मावा : राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते हे सगळ्यांना ठाऊक आहे. गुटखा आणि माव्यातल्या सुपारीमुळं गालाची आतली कातडी आखडत जाते. तोंड कमी उघडायला लागतं, तिखट सोसत नाही. घरच्या घरी तपासायचं तर आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघावीत. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरला दाखवावं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर अजिबात थांबू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला सापडला तर बरा होतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार बसतात.

दारू : देशी, विदेशी आणि हातभट्टी अशी तिची तीन रूपं. दारूनं यकृत खराब होतं, पोटात पाणी होतं, कावीळ होते. त्याआधी रात्रीच्या गाडीवरचे अपघात आणि घरातली मारहाण येते. हातभट्टीचा आणि बनावट दारूचा वेगळा धोका आहे. तिच्यात मिथेनॉल नावाचं विषारी स्पिरिट आलं तर आधी डोळे जातात, मग जीव. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूनं शंभरावर माणसं गेली. त्यानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात पांगरमल इथं निवडणुकीच्या पार्टीतली दारू पिऊन माणसं दगावली. दारू प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसायला लागलं, पोटात कळ आली, उलट्या झाल्या तर ‘जास्त झाली असंल’ म्हणून झोपवून ठेवू नये. लगेच रुग्णालयात न्यावं आणि काय प्यायला, कुठली प्यायला ते डॉक्टरला खरं सांगावं.

गांजा : चिलमीला काही ठिकाणी देवाधर्माचं नाव दिलं जातं, त्यामुळं पोरांना तिची भीती वाटत नाही. कमी वयात रोज गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना कानात आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे असा संशय यायला लागतो, पोरगा कोंडून घेतो, स्वतःशीच बोलतो. अशा वेळी बरेच लोक आधी देवऋषी गाठतात. त्यात जे महिने जातात तेच उपचाराचे महत्त्वाचे महिने असतात.

गोळ्या, खोकल्याचं औषध आणि इंजेक्शन : झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्यांना पोरांच्या भाषेत ‘बटन’ म्हणतात. वास येत नाही, खिशात मावतात, घरच्यांना कळत नाही. दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून झोपेतच माणूस जाऊ शकतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध बाटलीच्या बाटली पिणं हाही त्यातलाच प्रकार. या गोळ्या-औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. व्यायामशाळेत जाणारी काही पोरं दम वाढावा म्हणून रक्तदाब वाढवणारं मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन घेतात. ते ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब उतरला तर डॉक्टर वापरतात. धडधाकट पोरानं घेतलं तर हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. तीच सुई दोघा-तिघांनी वापरली तर एचआयव्ही आणि कावीळ पसरते.

एमडी : मेफेड्रोन नावाची ही पावडर पूर्वी शहरापुरती मानली जायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तिचा मोठा साठा पकडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरचं प्रकरण उघड झालं. दौंड-बारामतीकडं आपली माणसं ऊस तोडायला जातात आणि तुळजापूरला दर्शनाला. त्यामुळं ही पावडर लांबची राहिली असं समजून चालणार नाही. एमडीनं भूक आणि झोप उडते, हृदयाचे ठोके वाढतात, माणूस संशयी आणि हिंसक होतो आणि सवय फार लवकर जडते.

दारू एकाएकी सोडली तर काय होतं?

आपल्या भागात गडांची, सप्ताहांची आणि माळ घालण्याची परंपरा आहे. माळ घातली आणि दारू कायमची सुटली अशी माणसं गावोगाव आहेत. त्या श्रद्धेचं बळ मोठं आहे. पण रोज सकाळी उठल्या उठल्या ज्याला दारू लागते, अशा माणसाच्या बाबतीत नुसता निश्चय पुरत नाही.

असा माणूस दारू बंद करतो तेव्हा सहा-बारा तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, उलटी होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास होतात, किडे-साप दिसतात, मेलेली माणसं दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप भरतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं झालं. काही जण त्याला बांधून ठेवतात, काही त्याला थोडी पाजून गप्प करतात. हा दारू तुटल्याचा गंभीर आजार आहे आणि उपचार नाही झाले तर माणूस मरू शकतो. रुग्णालयात मात्र औषधं, सलाईन आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन आठवडा-दहा दिवसांत शरीरातला त्रास उतरवता येतो.

म्हणून ज्याला माळ घालायची आहे त्यानं आधी चार-आठ दिवस डॉक्टरला भेटावं. पूर्वी कधी दारू सोडताना फिट आली असेल, तर रुग्णालयात राहूनच सोडावी. झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्यांनाही हेच लागू आहे, त्याही एकदम बंद करायच्या नसतात. तंबाखूचं तसं नाही. तंबाखू आज, आत्ता बंद केली तरी जिवाला धोका नाही. पहिले दोन-तीन दिवस जड जातात, दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तलफ आली की ती काही मिनिटंच टिकते. तेवढा वेळ पाणी पिऊन, बडीशेप किंवा लवंग चघळून, जागा सोडून काढायचा.

भाजीत कालवायचं ‘औषध’

‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतीवर आणि मोबाईलवर सगळीकडं दिसतात. बाई बिचारी दागिना मोडून ती पावडर आणते आणि भाजीत कालवते. अशा पावडरीत काय घातलंय ते पुडीवर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे, डॉक्टर ते रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं देतात. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो. माहीत नसताना असं औषध पोटात गेलं आणि वर क्वार्टर मारली, तर जीव जाऊ शकतो. त्यामुळं चोरून काहीही कालवू नये, मग ते आयुर्वेदिक म्हणून विकलेलं का असेना.

उपचार कुठं मिळतात?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करता येते. तिथून बीडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञाकडं चिठ्ठी मिळते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्ह्यातलंच दुसरं मोठं ठिकाण म्हणजे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय.

पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या मदतीनं सुरू केलं. राज्यभरातून लोक तिथं राहून उपचार घेतात. खासगी केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. तिथं मानसोपचार तज्ज्ञ येतात का, केंद्राची नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावं. मारहाण करणारं, साखळीनं बांधणारं ठिकाण हे उपचार केंद्र नव्हे.

फोनवरची मदत फुकट आहे. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मन खचलं असेल, जीव नकोसा झाला असेल तर टेलिमानस १४४१६. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६. नशेच्या पदार्थांच्या विक्रीची माहिती द्यायची असेल तर १९३३ आणि तातडीच्या पोलीस मदतीसाठी ११२.

उपचारानंतर पुन्हा एखाद वेळी प्यायला म्हणून सगळं वाया गेलं असं नसतं. साखर, बीपीचा आजार जसा पुन्हा वर येतो तसंच हे आहे. पुन्हा दवाखान्यात जायचं. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेच्या बैठकांत दारू सोडलेली माणसंच एकमेकांना धरून राहतात, त्याला पैसे लागत नाहीत.

कायदा काय सांगतो?

गांजाचं झाड लावणं हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, मग ते एक असो की तुरीच्या-कपाशीच्या ओळीत दडवलेली शंभर असोत. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड. गांजा बाळगण्याची शिक्षा वजनावर ठरते. १ किलोपेक्षा कमी गांजाला १ वर्षापर्यंत कैद, तर २० किलोपेक्षा जास्त गांजाला किमान १० वर्षं. रान बटईनं किंवा ठोक्यानं देऊन कारखान्याला जाणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं. माहीत असून आपल्या रानात, घरात किंवा गाडीत हा धंदा होऊ दिला, तर मालकही आरोपी होतो. संशय आला तर गप्प न बसता पोलिसांना कळवलेलं बरं.

याच कायद्यात व्यसन जडलेल्या माणसासाठी एक वाटही ठेवली आहे. फक्त सेवन केल्याचा किंवा अगदी कमी प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असेल आणि तो स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर कलम ६४-अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्ध्यावर सोडले तर ते काढून घेता येतं.

लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. ‘जा रे, टपरीवरून पुडी आण’ म्हणून लेकराला पाठवणं ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, पण लेकराची त्या टपरीशी ओळख तिथंच होते.

गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज देऊन गुप्त मतदानाची मागणी करता येते. उभी बाटली, आडवी बाटली म्हणतात ते हेच. दुकान बंद झालं तरी चोरटी विक्री राहतेच. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. त्यामुळं बंदीबरोबर उपचाराची सोयही मागावी लागते. अवैध दारूवर लक्ष ठेवायला ग्रामसभेच्या ठरावानं ग्रामरक्षक दल नेमण्याची तरतूद कायद्यात आहे.

घरच्यांनी काय करावं?

मुलगा एकाएकी पैसे मागायला लागला, घरातल्या वस्तू जायला लागल्या, मित्र बदलले, झोप उलटीपालटी झाली, डोळे लाल किंवा सुस्त दिसायला लागले तर आधी शांतपणे विचारावं. एकटी एखादी खूण म्हणजे व्यसन नव्हे, पण चार-पाच एकत्र दिसल्या तर दवाखाना गाठावा. पिऊन आला असेल तेव्हा वाद घालू नये, सकाळी शुद्धीत असताना बोलावं. त्याचं कर्ज परस्पर फेडणं आणि त्याच्या वतीनं लोकांशी खोटं बोलणं थांबवावं. मारहाण होत असेल तर बाईनं स्वतःचा आणि लेकरांचा जीव आधी सांभाळावा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. पिण्याची सवय आणि कर्जाची चिंता एकत्र असलेल्या घरात फवारणीचं औषध कुलपात ठेवावं.

पैशाचा हिशोबही एकदा मांडून बघावा. दहा रुपयांच्या पाच पुड्या दिवसाला, म्हणजे महिन्याला १,५०० आणि वर्षाला सुमारे १८,००० रुपये. दारूला रोजचे शंभर धरले तर वर्षाला ३६,५००. मुकादमाची उचल अंगावर असताना हे पैसे जातात आणि पुढच्या वर्षीचा कोयता त्यांच्यासाठीच उचलावा लागतो.

कोयत्याची माणसं पाडव्याच्या आगंमागं गावी परततात. दसऱ्यापर्यंतचे महिने घरी असतात, दवाखाना जवळ असतो आणि धरून ठेवायला माणसं असतात. सोडायची असेल तर तीच वेळ सोयीची. हंगामाच्या मध्यात, फडावर, दवाखान्यापासून दूर असताना रोजची दारू एकदम तोडू नये. आणि कारखान्याला जाताना लेकरं आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात ठेवली असतील, तर त्यांच्यावर लक्ष ठेवायला गावात कुणीतरी एक जबाबदार माणूस सांगून जावा. गोळी काय आणि पुडी काय, पोरांच्या हाती पहिल्यांदा येते ती बहुतेक घरचं मोठं माणूस जवळ नसतानाच.